कवळी डबीत का राहते?

आमच्या घरी मोरीजवळच्या आरशाच्या फळीवर एक निळी डबी असे. तिच्यात आईची कवळी पाण्यात ठेवलेली असे. पाहुणे यायचे असले किंवा लग्नकार्याला जायचे झाले, की आई डबी उघडी, कवळी धुऊन तोंडात बसवी आणि घरी परतताच, चपला काढता काढताच, ती पुन्हा डबीत ठेवी. जेवताना मात्र ती कवळी कधी वापरली गेली नाही. भाकरी दुधात कुस्करायची, भाजीतल्या फोडी बाजूला सारायच्या, कोशिंबीर नाकारायची, असा तिचा नेमच होऊन गेला होता. हळूहळू ती आमच्याबरोबर पानावर बसेनाशी झाली. "तुम्ही घ्या जेवून, मी मागाहून बसते," एवढेच ती म्हणे. आम्हाला ते तिच्या जुन्या वळणाचे वाटे. बोळक्या तोंडाने चारचौघांत जेवण्याचा संकोच त्यामागे आहे, हे लक्षात यायला आम्हाला तीन वर्षे लागली. तेही आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी तिचे घटलेले वजन पाहून, "आजी, दिवसभरात तुम्ही नेमके काय काय खाता?" असे विचारले म्हणून.

दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, अशी आपल्याकडे म्हण आहे. आमच्या घरी चणेही होते आणि विकत घेतलेले दातही होते; तरी घास अडलेलाच होता. कवळी दिसायला उत्तम होती. दात एकसारखे, रंग नैसर्गिक, कुठे तडा नाही. मग ती डबीत का राहत होती?

या प्रश्नाचे उत्तर आम्हाला एका दंत महाविद्यालयात मिळाले. कृत्रिम दंतशास्त्र विभागातल्या डॉक्टरांनी आईला ती कवळी तोंडात बसवायला सांगितली आणि म्हणाल्या, "आजी, एकसष्टपासून सत्तरपर्यंत मोजा पाहू." आई मोजू लागली. बासष्ट, त्रेसष्ट, चौसष्ट... प्रत्येक आकड्याला वरचे आणि खालचे दात एकमेकांवर आपटून टक टक असा आवाज येत होता. डॉक्टरांनी तिला थांबवले. मग आमच्याकडे वळून त्या म्हणाल्या, "दात चांगले आहेत. हिरडीचा साचाही बरा घेतलेला आहे. चुकले आहे ते दोन जबड्यांमधले अंतर."

ते अंतर म्हणजे काय, ते कसे मोजतात, ते चुकले तर काय होते आणि ते बरोबर यावे म्हणून घरच्या माणसांना काय करता येते, हे सर्व नंतरच्या दोन महिन्यांत आम्हाला कळले. ज्यांच्या घरी एखादी कवळी अशीच डबीत पडून आहे, किंवा ज्यांना लवकरच कवळी बसवून घ्यायची आहे, त्यांना ते उपयोगी पडेल.

दात गेले की जबड्याचा ठिकाणा हरवतो

आपला वरचा जबडा कवटीशी पक्का जोडलेला असतो. हलतो तो केवळ खालचा. कानाच्या पाळीच्या पुढे बोट ठेवून तोंड उघडले, तर त्याचा सांधा हलताना स्पष्ट जाणवतो. शरीरातील इतर बहुतेक सांध्यांहून हा सांधा वेगळा आहे. तोंड थोडे उघडताना तो दाराच्या बिजागरीसारखा फिरतो. आणखी उघडले की पुढे घसरतो. शिवाय डावे-उजवे दोन्ही सांधे एकाच हाडाला जोडलेले असल्यामुळे त्यांना एकमेकांना सांभाळून हलावे लागते. म्हणूनच खालचा जबडा वर-खाली, पुढे-मागे आणि आजूबाजूला असा सर्व दिशांना जाऊ शकतो.

एवढे स्वातंत्र्य असूनही, दात शाबूत असताना आपण तोंड मिटले की जबडा दरवेळी त्याच जागी येऊन थांबतो. वरच्या आणि खालच्या दाढा एकमेकींच्या खाचांत बसतात आणि पुढची हालचाल थांबते. स्नायूंना ही जागा इतकी पाठ असते की आपल्याला विचारही करावा लागत नाही. सगळे दात गेले की हा थांबा नाहीसा होतो. मग जबडा गरजेपेक्षा जास्त वर येतो आणि हनुवटी नाकाजवळ जाते. पुढच्या हिरड्यांनी घास चिरडण्याच्या सवयीमुळे तो पुढेही सरकतो. वर्षानुवर्षे असे चालले की स्नायू हीच नवी जागा खरी मानू लागतात.

त्यात भर पडते हाडाच्या झिजेची. दात ज्या हाडात रुतलेले असतात ते हाड दात गेल्यावर आक्रसू लागते. पहिल्या वर्षात ही झीज वेगाने होते. नंतर वेग मंदावतो, पण ती थांबत नाही. आन्त्ये टालग्रेन या संशोधिकेने कवळी वापरणाऱ्यांच्या जबड्यांची २५ वर्षांच्या कालावधीतील पाहणी १९७२ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात पुढच्या भागातील खालच्या हाडाची झीज वरच्या हाडाच्या सुमारे चौपट आढळली. खालची कवळी नेहमी जास्त का त्रास देते, याचे एक कारण हे आहे.

म्हणजे कवळी करणाऱ्या डॉक्टरांपुढे दोन प्रश्न असतात. तोंड मिटल्यावर दोन जबड्यांत किती उभे अंतर असावे? आणि त्या उंचीवर खालचा जबडा पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे नेमका कोठे असावा? या दोन्हींच्या नोंदीला दंतवैद्यकात 'जॉ रिलेशन' म्हणतात. आपण तिला जबड्यांचे माप म्हणू.

साचा हिरडीचा, माप स्नायूंचे

संपूर्ण कवळी साधारणपणे पाच बैठकांत होते. पहिल्या दोन बैठकांत हिरड्यांचे साचे घेतात. तिसऱ्या बैठकीत जबड्यांचे माप घेतात. चौथ्या बैठकीत मेणावर बसवलेले दात तोंडात घालून पाहतात. पाचव्या बैठकीत तयार कवळी मिळते. त्यानंतर तपासणीच्या एक-दोन फेऱ्या होतात.

साचा घेताना रुग्णाने तोंड उघडे ठेवून काही मिनिटे कळ काढली आणि सांगितल्याप्रमाणे ओठ, जीभ हलवली की काम होते. तिसरी बैठक याहून वेगळी असते. तेथे मोजायची असते ती रुग्णाच्या स्नायूंची विश्रांती आणि त्यांची हालचाल. माणूस अवघडलेला, घाबरलेला किंवा थकलेला असेल, तर त्याचे स्नायू ताठरतात आणि मापही त्या ताणाचेच येते. म्हणून या बैठकीत रुग्णाला डॉक्टरांचा सहकारी व्हावे लागते.

उभे अंतर: चेहऱ्याची उंची

या बैठकीसाठी डॉक्टर हिरड्यांच्या साच्यावर बेतलेले दोन तात्पुरते तळ तयार ठेवतात. प्रत्येकावर दातांच्या जागी मेणाची जाड कड असते. आधी वरची कड तोंडात बसवून ओठांना पुरेसा आधार मिळतो का, ते पाहतात. मेण कमी-जास्त करून वरच्या ओठाखाली दात किती दिसावेत, हे ठरवतात. मग पुढून पाहताना ती कड दोन्ही बुबुळांना जोडणाऱ्या रेषेला समांतर आणि बाजूने पाहताना नाकपुडीपासून कानापर्यंतच्या रेषेला समांतर करतात. चेहऱ्याची मध्यरेषा, हसताना ओठ जेथवर उचलला जातो ती रेषा आणि सुळ्यांची जागा, या खुणा मेणावर ओढतात. पुढे दात याच खुणांवर बसणार असतात.

आता खरे माप सुरू होते. डॉक्टर रुग्णाच्या नाकाच्या शेंड्यावर एक आणि हनुवटीवर एक असे दोन ठिपके काढतात. रुग्णाला ताठ बसवून, डोके मागे न टेकवता, समोर पाहायला सांगतात. "ओठ ओला करा, 'म' म्हणा आणि तसेच सैल राहा." 'म' म्हणताना ओठ मिटतात, पण दात मिटत नाहीत. त्या क्षणी जबडा विसावलेला असतो. तेव्हाचे दोन ठिपक्यांतले अंतर मोजून घेतात. मग मेणाच्या कडा एकमेकींवर मिटल्या असताना तेच अंतर पुन्हा मोजतात. हे दुसरे अंतर पहिल्यापेक्षा साधारण २ ते ४ मिलिमीटरने कमी असावे लागते.

आपण गप्प बसलो असताना आपले दात एकमेकांना टेकलेले नसतात. त्यांच्यात ही लहानशी मोकळी जागा असते. तीच स्नायूंची विश्रांती होय. आईच्या जुन्या कवळीत ही जागा उरलीच नव्हती. दात नको तितके उंच बसले होते. त्यामुळे बोलताना ते आपटत, ओठ मिटायला कष्ट पडत, गाल दुखत आणि हिरडीवर सतत दाब येऊन ती हुळहुळी होई. "तोंडात कायम काहीतरी कोंबल्यासारखे वाटते," असे आई सांगे आणि आम्ही म्हणत असू, "सवय होईल." पण ज्या कवळीत स्नायूंना विसावायला जागाच ठेवलेली नाही, तिची सवय होणार तरी कशी?

याच्या उलट चूकही घडते. उभे अंतर कमी धरले तर चेहरा आखूड दिसतो, गाल आत जातात आणि तोंडाच्या कोपऱ्यांत ओठ दुमडले जातात. त्या घडीत लाळ साचून कातडी चिरते आणि तेथे बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. चावण्याचा जोरही कमी पडतो. जुनी कवळी वर्षानुवर्षे घासत गेल्यावरही हीच स्थिती येते. आजोबांच्या ओठांचे कोपरे वारंवार चिरत असतील, तर जीवनसत्त्वांची कमतरता तपासताना त्यांच्या कवळीचे वयही विचारात घ्यावे.

केवळ मोजपट्टीवर विसंबून चालत नाही, म्हणून चांगले डॉक्टर बोलण्याचीही परीक्षा घेतात. 'स' म्हणताना वरचे आणि खालचे दात एकमेकांच्या अगदी जवळ येतात, पण त्यांनी टेकायचे नसते. आपल्या मराठीत एकसष्टपासून अडुसष्टपर्यंतचे आकडे या कामी फार सोयीचे आहेत. 'व' म्हणताना वरच्या पुढच्या दातांची कड खालच्या ओठाला आतून हलकेच स्पर्श करते. त्यावरून वरचे दात फार लांब किंवा फार आखूड झाले नाहीत ना, हे कळते. रुग्णाचा तरुणपणीचा फोटो किंवा जुनी सोयीची कवळी असेल, तर चेहऱ्याची मूळ ठेवण समजायला तिचीही मदत होते.

आडवे अंतर: जबड्याचे घर

उंची ठरली, तरी अर्धेच काम झालेले असते. आता खालचा जबडा सांध्यात जेथे सहजपणे, कोणताही ताण न देता, पुन्हा पुन्हा येऊ शकतो, ती जागा शोधायची असते. दात नसलेल्या माणसाच्या बाबतीत हीच एक जागा भरवशाची उरते.

"तोंड मिटा," असे म्हणताच बहुतेक वृद्ध माणसे जबडा पुढे काढून मिटतात. त्यांचा त्यात दोष नसतो. अनेक वर्षांची ती सवय असते. पण तेथेच नोंद झाली तर कवळी त्या चुकीच्या जागेवर तयार होते. घरी जाऊन माणूस निवांत बसला की जबडा आपल्या मूळ जागी मागे जातो आणि वरचे-खालचे दात एकमेकांशी जुळेनासे होतात. मग घास चावताना कवळी सरकते, उचलली जाते आणि हिरडीला घासते.

हे टाळण्यासाठी डॉक्टर निरनिराळे उपाय योजतात. जिभेचे टोक उलटे वळवून टाळूच्या मागच्या भागाला लावायला आणि तसेच ठेवून हळू मिटायला सांगतात. जीभ मागे गेली की जबडाही मागे राहतो. आवंढा गिळायला सांगतात. कधी हनुवटीला अंगठ्याचा हलका आधार देऊन जबडा नुसता वर-खाली झुलवतात. येथे जोर लावायचा नसतो. ढकललेला जबडा प्रतिकार करतो. एकदा नोंद झाली की ती पुन्हा घेऊन पाहतात. दोन-तीन वेळा जबडा त्याच खुणेवर आला, तर माप विश्वासार्ह समजतात.

काही रुग्णांच्या बाबतीत याहून नेमकी पद्धत वापरतात. एका कडेवर बारीक टोकाची खीळ आणि दुसरीवर धातूची पट्टी बसवतात. रुग्णाने जबडा पुढे-मागे आणि डावीकडे-उजवीकडे हलवला की पट्टीवर बाणाच्या टोकासारखी आकृती उमटते. तिला गॉथिक कमान म्हणतात, आणि त्या बाणाचे टोक म्हणजेच जबड्याची ती मूळ जागा. झुरिकचे दंतवैद्य आल्फ्रेड गीझी यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ही पद्धत रूढ केली.

या साऱ्या प्रयत्नांना मोठा इतिहास आहे. प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याचे दंतवैद्य फिलिप फाफ यांनी १७५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मेणाच्या साहाय्याने जबड्यांचे माप घेण्याचे वर्णन आढळते. पुढे १८५८ मध्ये अमेरिकेतील डॉ. बॉनविल यांनी दोन्ही सांधे आणि खालच्या पुढच्या दातांचा मध्यबिंदू मिळून सुमारे ४ इंच बाजूंचा समभुज त्रिकोण होतो, असे मांडले आणि त्यावर आधारित कृत्रिम जबडा बनवला. आज प्रयोगशाळेत ज्या उपकरणावर कवळीचे दात रचतात, ते आर्टिक्युलेटर याच वंशातले. रुग्णाचा वरचा जबडा त्याच्या सांध्यापासून किती अंतरावर आहे, हे त्या उपकरणावर तसेच्या तसे उतरवण्यासाठी फेस-बो नावाची कमान चेहऱ्याला लावतात. ती पाहून काही वृद्ध दचकतात. तिच्याने काहीही दुखत नाही, हे त्यांना आधीच सांगून ठेवावे.

घाई कोणाची होती?

आईच्या मापाच्या दिवशी पहिल्या दोन नोंदी जुळल्या नाहीत. तिसरीही वेगळीच आली. दुपारचे बारा वाजले होते. आम्ही पहाटेची एस.टी. पकडून आलो होतो आणि आई दमली होती. डॉक्टरांनी मेण बाजूला ठेवले, तिला पाणी दिले आणि म्हणाल्या, "आजी, आज इतकेच. पुढच्या मंगळवारी या. आदल्या रात्री इथेच कोणाकडे मुक्काम करता आला तर फार बरे." मी मनातून चरफडलो. आणखी एक रजा, आणखी एक फेरी. डॉक्टरांच्या ते ध्यानात आले असावे. त्यांनी विचारले, "आधीची कवळी किती दिवसांत झाली होती?"

मला आठवले. भाचीचे लग्न तोंडावर आले होते. त्या वेळच्या डॉक्टरांनी चार-पाच वेळा यावे लागेल असे सांगितले होते आणि मीच त्यांच्यामागे लागलो होतो, "काहीही करा, पण दोन फेऱ्यांत बसवा. फोटोपुरते दात दिसले पाहिजेत." त्यांनी तसे करायला नको होते, हे खरेच. पण घाई आमची होती. आईला कोणी विचारलेही नव्हते. लग्नाच्या फोटोंत तिचे दात सुरेख दिसतात.

मंगळवारी आम्ही पुन्हा गेलो. आई आदल्या रात्री मावशीकडे नीट झोपली होती. तिने घरी आरशासमोर जीभ मागे वळवून मिटण्याचा सराव केला होता. तीन नोंदी घेतल्या. तिन्ही एकाच खुणेवर आल्या.

सोबत जाणाऱ्यांनी काय करावे

माप घेण्याच्या बैठकीसाठी शक्यतो सकाळची वेळ मागावी. पोटात थोडे असावे आणि झोप झालेली असावी. कंपवाताच्या रुग्णाला औषधाचा अंमल चांगला असतो तीच वेळ निवडावी आणि तसे डॉक्टरांना सांगावे.

जुनी कवळी बरोबर न्यावी, पण तोंडातून ती केव्हा काढून ठेवायची, हे आधी विचारून घ्यावे. दबलेल्या हिरडीला पूर्ववत व्हायला वेळ लागतो. म्हणून साचा आणि माप घेण्यापूर्वी किमान एक रात्र, कधी त्याहून अधिक काळ, कवळी न घालण्यास सांगतात.

चष्मा आणि श्रवणयंत्र विसरू नये. सूचना ऐकू आल्या नाहीत, तर माणूस अंदाजाने काहीतरी करतो आणि माप बिघडते. सर्व दात असतानाचा, हसरा, समोरून काढलेला एखादा फोटो सोबत ठेवावा.

चालू औषधांची यादी द्यावी. रक्तदाब, नैराश्य, ॲलर्जी यांवरील काही औषधांनी तोंड कोरडे पडते, आणि कवळी हिरडीला धरून राहते ती लाळेच्या पातळ थरामुळे. पक्षाघात होऊन गेला असेल, विस्मरणाचा आजार असेल किंवा जबड्याच्या सांध्यात दुखत असेल, तर ते आधीच सांगावे. विस्मरणाच्या रुग्णाला एका वेळी एकच सूचना द्यावी लागते, आणि ती ओळखीच्या आवाजात आली तर तो अधिक सैलावतो. अशा वेळी डॉक्टरांची परवानगी घेऊन शेजारी बसावे, हात धरावा. पण दोघांनी एकदम सूचना देऊ नयेत.

आणि घाई करू नये. "आजच्या आज होईल का?" हा प्रश्न त्या खोलीत न विचारलेलाच बरा.

मेणातले दात: दुरुस्तीची सोपी संधी

चौथ्या बैठकीत दात मेणावर बसवलेले असतात आणि कवळी तोंडात घालून पाहता येते. या अवस्थेत दात हलवता, उंची बदलता, गरज पडल्यास माप पुन्हा घेता येते. एकदा ॲक्रिलिकमध्ये कवळी पक्की झाली की थोडीफार घासाघीस सोडली तर मोठी दुरुस्ती करणे अवघड होते. म्हणून या दिवशी संकोच करू नये.

ओठ सहज मिटतात का? हसल्यावर चेहरा ओळखीचा वाटतो का? आकडे मोजताना दात आपटतात का? मिटताना दोन्ही बाजूंच्या दाढा एकाच वेळी टेकतात, की एक बाजू आधी टेकते? हे रुग्णाने स्वतः सांगायला हवे. बरोबर आलेल्यांनी चेहरा पाहावा, पण निर्णय दात वापरणाऱ्याचा असू द्यावा. मेणातले दात नाजूक असतात. त्यांनी काही चावून पाहू नये.

कवळी हाती आल्यावर

नवी कवळी पहिले काही दिवस परकी वाटते. लाळ जास्त सुटते, शब्द अडखळतात. मोठ्याने वर्तमानपत्र वाचल्याने जीभ लवकर सरावते. सुरुवातीला मऊ भात, खिचडी, शिजलेल्या भाज्या असे अन्न लहान घासांनी घ्यावे आणि दोन्ही बाजूंनी एकदम चावावे. एकाच बाजूने चावले की दुसरी बाजू उचलली जाते. पुढच्या दातांनी पेरू किंवा कणीस तोडण्याचा प्रयत्न करू नये. नीट चावता यायला सहा ते आठ आठवडे लागू शकतात.

पण सवय होणे वेगळे आणि दुखणे सोसणे वेगळे. हिरडीला फोड आला, तर घरी कानस किंवा ब्लेडने कवळी घासू नये. डॉक्टरांकडे जावे, आणि जाण्यापूर्वी काही तास ती घालून ठेवावी, म्हणजे नेमकी जागा दिसते. सतत चिकटद्रव्य लावून सैल कवळी वापरत राहणे हाही उपाय नव्हे. तोंडातील कोणतीही जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर ती कवळीचीच आहे असे समजून थांबू नये. विशेषतः ज्यांनी तंबाखू किंवा मिश्री वापरलेली आहे, त्यांनी लगेच तपासून घ्यावे.

कवळी रोज मऊ ब्रशने धुवावी, तीही खाली पाण्याचे भांडे ठेवून, म्हणजे निसटली तरी फुटत नाही. गरम पाणी वापरू नये. त्याने ती वाकते. रात्री कवळी काढून पाण्यात ठेवावी. जपानमध्ये ८५ वर्षे आणि त्यावरील वृद्धांच्या २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, कवळी घालून झोपणाऱ्यांमध्ये न्यूमोनियाचा धोका दुपटीहून अधिक आढळला होता. वर्षातून एकदा तपासणी करावी. हाड झिजत राहते, दात घासत राहतात. म्हणून काही वर्षांनी आतला थर किंवा संपूर्ण कवळी बदलावी लागते, आणि तेव्हा जबड्यांचे माप पुन्हा घ्यावे लागते.

आता साचे संगणकीय स्कॅनरने घेता येतात आणि कवळ्या यंत्रावर कोरल्या जातात. खालच्या जबड्यात दोन इम्प्लांट बसवून त्यांवर कवळी अडकवण्याची सोय आहे. २००२ मध्ये माँट्रियल येथील मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी तीच पहिली निवड असावी असे मत मांडले होते. ज्यांना प्रकृती आणि खर्च झेपतो, त्यांनी अवश्य विचारावे. मात्र कवळी हाताने घडवलेली असो, यंत्राने कोरलेली असो वा इम्प्लांटवर बसलेली असो, जबडा कोठे विसावतो हे त्या माणसालाच शांतपणे दाखवून द्यावे लागते. खाजगी दवाखान्याचा खर्च परवडत नसेल, तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत आणि गोव्यात बांबोळी येथील दंत महाविद्यालयात हे विभाग आहेत. तेथे फेऱ्या अधिक होतात आणि वेळ लागतो. पण या कामाला वेळच लागतो.

आईची नवी कवळी मिळून आता वर्ष होईल. पहिल्या महिन्यात दोनदा फोड आले, दोनदा जाऊन दुरुस्ती करून आणली. निळी डबी अजून आरशाच्या फळीवर आहे. रात्री तिच्यात कवळी असते आणि सकाळी ती रिकामी असते. परवा संक्रांतीला आई सगळ्यांबरोबर पानावर बसली. बाजरीची भाकरी तिने दुधात कुस्करली नाही. तिळाची वडी मात्र बाजूला ठेवली आणि म्हणाली, "ही नको गं बाई, डॉक्टरीण रागावेल."